आवाजाचं काय झालं

वडील गेल्यावर आईने एकच गोष्ट मागितली, त्यांचा आवाज. फोनमध्ये फोटो ढीगभर होते, पण बोलणं एकही नव्हतं. सुरतेकडच्या कडोदऱ्याच्या लूमखात्यात, यंत्रमागांच्या आवाजात जन्म काढलेल्या माणसाचे कान जातातच; फोन वाजला की ते तो आईच्या हातात द्यायचे. राहता राहिला कपाटावरचा व्हिडिओ कॅमेरा. सुट्टीच्या दिवशी लग्नांचं शूटिंग करायला त्यांनी तो जुना विकत घेतला होता. सोबतच्या एका कॅसेटवर त्यांच्याच अक्षरात 'घर' लिहिलेलं होतं.

मला तोवर रडू आलं नव्हतं. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. नातेवाईक म्हणाले, पोरगी घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नाही, मला काही वाटतच नव्हतं. हाताला काम मिळालं एवढंच बरं झालं.

बॅटरी फुगली होती. ती काढून थेट चार्जर जोडला, तर दिवा लागला. मग पडद्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र आलं आणि कॅसेटचं दार उघडेना. सुरतेची दमट हवा आत शिरली होती. आईने कॅमेरा फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला. दोन दिवस भातासाठी तांदूळ काढताना आम्ही त्याला बाजूला सरकवत होतो. दार उघडलं, तर चित्रावर आडव्या पट्ट्या. अमरोलीतल्या दुरुस्तीवाल्याने आतलं हेड पुसून दिलं आणि म्हणाला, "बेन, हवे आना पार्ट नथी मळता. जेटलुं चाले एटलुं चलावो." सुटे भाग मिळत नाहीत, चालेल तेवढं चालवायचं; मी बरं म्हणाले आणि निघाले.

चित्र आलं. कोसाडचं हे घर मिळालं त्या दिवसाचं. दारात रंगाचे डबे, आणि वडील हातात लग्नातला माइक धरून मंडपात बोलावं तसे बोलत होते. माइकची वायर कॅमेऱ्यापर्यंत आली होती. कॅमेरा माझ्याकडे होता. मी तेव्हा नऊ वर्षांची. आवाज मात्र शून्य.

मी आवाज वाढवून पाहिला. टीव्हीची वायर बदलली. एका लग्नाची कॅसेट घातली, तर बँड दणदणीत वाजला. म्हणजे कॅमेरा ठणठणीत होता. बाहेरचा माइक जोडला की कॅमेरा स्वतःहून काही ऐकत नाही, आणि त्या दिवशी माइकचं बटण त्यांनी चालूच केलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नंतर ही कॅसेट त्यांनी कितीदा तरी पाहिली असेल, पण आवाज नाही हे त्यांना कळणार कसं? मी आईला सांगून टाकलं, त्यात आवाज नाही.

"थांब," आई म्हणाली. "मांगे ले परत."

लूमच्या खडखडाटात माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात. आईही त्याच खात्यात सुताच्या कांड्या भरायला जायची, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ती टीव्हीपुढे सरकून बसली आणि वडिलांच्या ओठांवरचं एकेक वाक्य आमच्या अहिराणीत सपाट बोलू लागली. "हाई आमनी खोली. आठे गॅस ठेवसूत. आठे पोरगी अभ्यास करी."

ऐकायला काही वेगळं वाटत नव्हतं. आईच बोलत होती.

मग वडील मध्येच थांबले आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहून काहीतरी म्हणाले. आईही थांबली.

"आता काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुले इचारी ऱ्हायनात. आवाज ई ऱ्हायना का? कानमां इअरफोन घालीसन देख."

चित्र दोनदा वर-खाली झालं. इअरफोन कानात न घालताच, कॅमेरा डोळ्याला लावलेला ठेवून, मी मान हलवली होती. हो म्हणून. वडिलांचा जीव भांड्यात पडला आणि ते पुढे बोलू लागले.