‘मुकादम फार सावकाश चालतो’

तन्वीने मुकादमाला पुन्हा कोयत्याने आडवा केला.

“मेला,” ती म्हणाली.

“मेला ते दिसलं. पण तुला त्याला मारायचंच नव्हतं.”

“मग हातात कोयता कशाला दिलाय, काकू?”

प्रश्न बिनतोड होता. फक्त वीस वर्षं उशिरा आला होता.

मुकादम कॉम्प्युटरवरचा आहे, तेव्हा पोलिसांना बोलावू नका. खेळाचं नाव ‘दबा दोन’. हा स्टेल्थ प्रकारातला खेळ, म्हणजे लपतछपत खेळायचा. दिसलात की संपलात. नायिका चंपा खाडीकाठच्या किल्ल्यात कैद असलेल्या भावाला सोडवायला निघते. पहिला ‘दबा’ बऱ्यापैकी चालला, म्हणून हा दुसरा भाग आला. त्या कंपनीत मी टेस्टर होते. टेस्टर म्हणजे खेळ दुकानात जायच्या आधी तो खेळून, ताणून, भिंतीवर आपटून त्याच्यातल्या चुका शोधणारा माणूस. माझ्या नातीला अजून वाटतं, आजी बँकेत होती. मीही ते खोडून काढलेलं नाही. बँकेत होते म्हटलं की लोक मान देतात.

कंपनी केव्हाच बंद पडली. आता तन्वीच्या छोट्या कंपनीने खेळाचे हक्क घेतले होते. जुना खेळ नव्या कॉम्प्युटरवर चालेल असा करून पुन्हा विकायचा, याला रिमास्टर म्हणतात. तिचं ऑफिस नवीन पनवेलला चष्म्याच्या दुकानावर, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. तिने मला बोलावलं ते एवढ्यासाठीच: यात चांगलं काय, वाईट काय, ते सांगा. चांगलं ठेवू, वाईट सुधारू.

चांगलं पुष्कळ होतं. आवाज तर आजही तोंडात बोट घालावं असे. चिखलात पाय वेगळा वाजतो, लाकडी फळीवर वेगळा, मिठावर वेगळा. डोळे मिटूनही कळतं, पहारेकरी कुठे आहे. गावातली माणसं आपापली कामं करतात, चंपासाठी ताटकळत उभी राहत नाहीत. वाईटही पुष्कळ. कॅमेरा खांबामागे अडकतो. एकदा पकडले गेलात की पार सुरुवातीला. पहारेकरी मेलेला सोबती बघतात, “कोण आहे रे?” म्हणतात आणि जरा वेळाने सगळं विसरून तंबाखू मळायला लागतात. आणि मारामारी! चंपा कोयता असा चालवते, जणू फणस फोडतेय.

पण खरं दुखणं मिठागराचं होतं.

मिठागराची लेव्हल, म्हणजे खेळातला तो टप्पा, बाळारामने रचली होती. बाळाराम गव्हाणचा. तेव्हा पंचविशीचा, घरातही गॉगल लावणारा, बोलायला तिखट. त्याचे वडील तिथल्या मिठागरात राबलेले. स्टेल्थ खेळ म्हटला की अंधार आलाच. बाळारामने मांडली भर दुपार. पांढरंशुभ्र मीठ, लपायला सावली नाही. चंपाने लांब दांड्याचं फावडं घ्यायचं आणि इतर बायकांसारखं मीठ ओढत राहायचं. बांधावरून मुकादम छत्री घेऊन येतो. त्याच्या चपला मिठावर करकरतात. स्क्रीनवर फक्त आपले हात, मीठ आणि हळूहळू सरकत येणारी छत्रीची सावली. मान वर केली, घाई केली, की ओळखतो. तो पार पलीकडे जाईपर्यंत वाकून काम करायचं. बस, एवढंच. पहिल्यांदा खेळले तेव्हा माझ्या तळहाताला घाम आला होता.

अडचण अशी की टेस्टर पहिल्यांदा एकदाच खेळतो. पुढचे कित्येक महिने मी आणि माझी टेस्टिंग रूम रोज तेच मिठागर तुडवत होतो. मुकादम कुठे थांबतो, कुठे खाकरतो, सगळं पाठ. तो बांधावरून येईपर्यंत मी डबा उघडून भाजीला मीठ बरोबर आहे का बघायचे. आणि मग, त्या काळची मी कशी होते ते सांगते: आखूड केस, भली थोरली पर्स, आणि जगातलं सगळं आपल्यालाच आधी कळतं असा चेहरा. त्या बाईने रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘मुकादम फार सावकाश चालतो. कंटाळा येतो.’ खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच कंटाळा आला होता ना!

बाळाराम तणतणत आला.

“मॅडम, त्यो कवा वळनार त्ये तुमाला म्हाईत हाय. मंग भीती कशी वाटंल?”

“बाळाराम, मार्केटला भीती नको, ॲक्शन हवी.”

मार्केट म्हणे! भाजीचं सोडून कुठलं मार्केट मी पाहिलं होतं?

साहेबांना वाचायचा आळस. “सुलभाताई, एका वाक्यात सांगा.”

“कंटाळा येतो, सर.”

“मग पळवा त्याला. आणि त्या बाईच्या हातात काहीतरी द्या.”

असा कोयता आला. मुकादम दुडूदुडू धावायला लागला. खेळ बाजारात गेला, लोक म्हणाले पहिला बरा होता. बाळाराम त्याच वर्षी नोकरी सोडून गेला. आता सुकापूरला त्याचा टाइल्स आणि सॅनिटरीचा व्यवसाय आहे.

हे सगळं मी तन्वीला सांगितलं. ती हुशार मुलगी. म्हणाली, “मग जुनं मिठागरच परत आणू या. कोयत्याआधीचा कोड, म्हणजे तेव्हाचा प्रोग्राम, आहे कुणाकडे?”

कुणाकडेच नव्हता. कंपनीबरोबर तोही गेला. उरला बाळाराम.

सुकापूरला गेले तर तो काउंटरवर, पोट सुटलेलं, गॉगल आता डोक्यावर.

“या, ताई! बाथरूम करायचाय?”

“मिठागर करायचंय.”

तो हसला नाही. कोकम सरबत मागवलं. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, “ताई, आमचं मिठागर आता ऱ्हायलं नाय. भराव टाकला, रस्ता गेला वरून. आमाला पैसा भेटला, खोटं कशाला बोलू. पन आमच्याकडं त्याचा एक फोटो नाय. कोन काढनार, कामावर जायचा का फोटो काढायचा? बाबा गेले. आता त्ये फक्त तुमच्या गेममधी हाय.”

“म्हणून तर आले. तुझं होतं तसं करू.”

“तुमी बोलता, ताई?” त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमालाच कंटाळा आलेला ना?”

मी सरबत प्याले. दुसरं काय करणार?

तो आला मात्र. दुकान बायकोवर सोडून तन्वीच्या ऑफिसात रोज यायचा. मुकादमाची चाल पुन्हा बसवली. “अजून हळू. त्याला कसली घाई? मालक नाय त्यो, पन मालकावानी चालतो.” चपलांची करकर त्याने स्वतः दुरुस्त करून घेतली. छत्रीची सावली सरकत आली तेव्हा मी, त्रेसष्ट वर्षांची, खुर्चीत आपोआप वाकले. बाळारामने ते पाहिलं आणि पहिल्यांदा हसला.

या वेळी मी शहाणी झाले होते. म्हटलं, तपासायला आपण नकोत. आपल्याला सगळं माहीत आहे. कधीच न खेळलेलं कुणीतरी आणा. तन्वीने खालच्या चष्म्याच्या दुकानातल्या दोघींना वर बोलावलं. शबनम आणि तिची मैत्रीण अश्विनी. दोघींनी आयुष्यात खेळ खेळले ते मोबाइलवर रंगीत गोट्या जुळवायचे. आदर्श गिऱ्हाईक!

शबनम बसली. मीठ ओढायला लागली. करकर सुरू झाली. “या अल्ला, आला,” ती पुटपुटली. सावली पायाशी आली. बाळाराम तिच्या खुर्चीमागून वाकून बघत होता. आणि तिने बटण दाबून मुकादमाला कोयत्याने उडवला.

“अगं!” मी ओरडले.

“आंटी, डर लगा ना! हातात कोयता होता, मारला.”

अश्विनीनेही तेच केलं. तिने तर त्याची छत्री कशी घ्यायची तेही विचारलं.

चूक त्यांची नव्हती. मुकादमाच्या नादात कोयता आम्हीच तसाच ठेवला होता. भिणाऱ्या माणसाच्या हातात कोयता दिला की तो वाकत नाही. मुकादम हळू झाल्याने काहीच फरक पडला नव्हता. उलट मारायला सोपा झाला होता.

“मग कोयता काढून टाका,” बाळाराम म्हणाला.

तन्वीच्या प्रोग्रामरने फक्त मिठागरापुरता काढून पाहिला. पुढच्या लेव्हलला किल्ल्याच्या दारात चंपा दगडासारखी थिजली. हलेचना. त्या दिवशी घाईघाईने दिलेल्या कोयत्यावर पुढचा अख्खा खेळ बांधला होता: दारं, मारामाऱ्या, शेवटचा प्रसंगसुद्धा. तो काढायचा तर अर्धा खेळ नव्याने लिहायचा.

“काकू, तेवढं बजेट नाही,” तन्वी म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. “सॉरी, बाळारामकाका.”

तेव्हा मला युक्ती सुचली. मला नेहमीच सुचतात, तेच तर दुखणं आहे. म्हटलं, मुख्य खेळ राहू दे तसाच. मेन्यूत वेगळं मिठागर द्या. नुसतं फिरायला. कोयता नाही, मुकादम नाही, पहारेकरी नाही. ते सोपं होतं. तन्वीने लगेच करून दिलं.

बाळाराम बसला. बांधावरून चालला. वाफ्यांत उतरला. मिठाचे ढीग, खाडीचं पाणी अडवायची फळी, पलीकडे खाडी. मीठ पायाखाली अगदी खरं वाजत होतं. तो टोकापर्यंत गेला, परत आला.

“छान हाय,” तो म्हणाला. मग कंट्रोलर टेबलावर ठेवला. “पन ताई, माझा बाबा इथं कवा असा ताठ मानेनं चालला नाय. मुकादमच नाय तर त्ये मिठागर कसलं? गार्डन झाला त्यो.”

गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणाला आणि गेला. मी जिन्यापर्यंत गेले. “येते दुकानात,” म्हटलं. “या ना, टाइल्स बघायला,” म्हणाला.

तिथे मुकादम घालायला ना पैसे उरले होते ना वेळ. रिमास्टर निघाला. लोकांनी आवाजाचं कौतुक केलं, कॅमेरा सुधारला म्हणून आभार मानले, मारामारीला नावं ठेवली. वेगळं मिठागर ज्यांनी उघडलं, त्यांतल्या बहुतेकांनी लिहिलं, शांत वाटतं, मन रमतं. वाचून मला कसंतरीच झालं. खऱ्या लेव्हलमध्ये मुकादम हळूच चालतो, बाळारामने बसवला तसा. जगभरातले खेळाडू त्याला आरामात, न चुकता मारतात.

तन्वीकडे आता नवीन टेस्टर पोरं लागली आहेत. ती मला विचारतात, काकू, रिपोर्ट कसा लिहायचा? मी सांगते, ‘कंटाळा येतो’ लिहिण्याआधी आपण हे कितव्यांदा खेळतोय ते लिहा. पहिल्यांदाच खेळत असाल तर खेळ दुरुस्त करायला सांगा. नाहीतर उठा, चहा पिऊन या.