दुसऱ्यानं धरलेला फोन

गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या जीपमध्ये एक तिशीतला माणूस माझ्या शेजारी बसला होता. त्याचे दोन्ही हात लुळे होते. मांडीवरच्या पिशवीवर मोबाइल होता आणि कानात वायर. त्यानं वाकून नाकाच्या शेंड्यानं बटण दाबलं आणि रेडिओवरच्या माणसासारखं म्हणाला, "कृपया ताईला फोन लावा." फोन लागला तसा आवाज बदलला. "काहून गं, जेवली का न्हाई?"

मला हसू आलं. बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "या फोनला आपली बोली कळत न्हाई, काका. साहेबासारखं बोलावं लागते."

त्यानं पुन्हा फोन लावला. जीप आदळली, मोबाइल घसरला. मी तो उचलून त्याच्या तोंडापुढं धरला.

"ठेवा खाली. दुसऱ्यानं धरला की मनातलं बोलता येत न्हाई."

मानेच्या दुखण्यात माझ्या बायकोच्या हातांतलं बळ गेलं. तेव्हापासून तिच्या कानाशी फोन मीच धरतो. माहेरी ती "बरं हाय" एवढंच सांगायची. मलाही ते सोयीचं होतं.

त्या संध्याकाळी मी तिच्या कानात वायर घातली, मोबाइल पुढ्यात ठेवून नाकानं बटण दाबायला आणि ते साहेबी वाक्य म्हणायला शिकवलं आणि अंगणात जाऊन बसलो. ती बहिणीशी पुष्कळ वेळ बोलली. थोडं माझ्याही कानावर आलं. ते माझ्याबद्दल होतं, आणि खरं होतं.