मुलांच्या शिबिरात आईबाप

ऑकलंडपासून तास-दीड तासावर, समुद्राला लागून एक जुना हॉल होता. आमच्या मराठी मंडळींचं मुलांचं शिबिर दर जानेवारीत तिथेच भरायचं, आम्ही या देशात आलो त्याच्या कितीतरी आधीपासून. नियम एकच: आईबापांनी मुलांना सोडायचं आणि निघायचं. देखरेखीला आम्ही दोघी-तिघी.

मोठी मुलं लहानांना भात लावायला शिकवायची. तो करपायचा. मग कोणामुळे करपला यावरून सगळी मराठीत भांडायची. मोडकंतोडकं, पण मराठी! घरी इंग्रजीतच उत्तर देणारी माझी लेक तिथे "ए, माझे जँडल्स दे ना!" म्हणून ओरडायची; जँडल्स म्हणजे इकडच्या रबरी चपला. ते ऐकायला मी वर्षभर थांबायचे. खोटं कशाला सांगू, माझ्यासाठी शिबिर तेवढ्याचसाठी होतं.

मग एका वर्षी ऑकलंडमधल्या फ्लॅट बुशहून एक जोडपं दुसऱ्याच दिवशी हजर. "सहज आलो गं, पोरं उपाशी राहायला नकोत." सोबत पातेलंभर छोले. पुढच्या वर्षी आणखी गाड्या, मग चक्क तंबू. मी भांडले. "अहो, मुलांचं शिबिर आहे, तुमचं माहेरपण नाही!" सगळे हसले आणि मलाच चहा दिला. काय करणार, कपाळ!

पोरं पाण्यात उतरली की काठावर टॉवेल घेऊन आयांची रांग. एखाद्यानं मराठीत तोंड उघडलं की, "अय्या, किती गोड! परत बोल ना," आणि मोबाईल पुढे. पोरं गप्प झाली. मग आपसातही इंग्रजी बोलायला लागली. मग यायचीच बंद झाली.

शेवटच्या वर्षी मुलांमध्ये माझी लेक एकटी. मीच गळ घालून आणलेली. दुसऱ्या दिवशी बॅग भरून उभी राहिली. "मम, आय वॉन्ट टू गो होम."

"एकदा मराठीत सांग. लगेच सोडते."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसली. रस्ताभर मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता.

तिला घरी सोडून संध्याकाळी परतले, तर हॉलमागे खो-खो रंगला होता. सगळे आईबाप, घामाघूम, हसताहेत. मला पाहून कोणीतरी ओरडलं, "ये गं लवकर, एक गडी कमी पडतोय!"

मी चपला काढल्या आणि जाऊन बसले.