सहाचं पोट

वाशीच्या मार्केटात मी घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा आजूबाजूचे निम्मे गाळे बंदच होते. त्याआधी, सत्तरच्या दशकात, फोर्टातल्या एका दुकानात मी काम शिकलो. लग्न घणसोली गावातल्या मुलीशी झालं आणि खाडीच्या या बाजूला राहायला आलो. धंदा जरा जमतोय असं वाटत असतानाच माझा उजवा हात थरथरायला लागला.

घड्याळाच्या आतल्या मशीनचं काम हात टेबलाला टेकवून कसंतरी निभायचं. डायलचं, म्हणजे आकड्यांच्या तबकडीचं, मात्र जमेना. महागड्या स्विस घड्याळाची डायल पाण्याने डागाळली तर नवी मिळायची नाही. ती साफ करून, पुसल्या गेलेल्या खुणा ब्रशने पुन्हा काढाव्या लागत. अशी गिऱ्हाइकं मी परत पाठवू लागलो.

एक दिवस बायको म्हणाली, "माज्याकडं द्या की ते. माजा हात हालत नाय."

तिच्या गावात लग्नघरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे नक्षीचे चौक लिहायला तिलाच बोलवायचे. मी तिला टाकाऊ डायली दिल्या. पहिल्या रेघा जाड आल्या. पावसाळा संपेपर्यंत ती माझ्यापेक्षा बारीक रेघ ओढायला लागली होती.

तेव्हाच एक तरुण बाई दुकानात आली. बेलापूरच्या एका ऑफिसात नुकतीच कामाला लागली होती. वडील बोटीवर नोकरीला होते, त्यांनी परदेशातल्या बंदरात घेतलेलं सोन्याची केस, म्हणजे बाहेरची डबी, असलेलं घड्याळ तिने आणलं होतं. वडील वारले आणि घड्याळ कपाटातच राहिलं. डायलचा खालचा भाग काळा पडला होता. ती म्हणाली, "भाऊ म्हणतो जेन्ट्सचं आहे. पण मलाच वापरायचंय."

साफ केल्यावर खालच्या बाजूला काहीच उरलं नाही. योगायोगाने तसंच दुसरं घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं होतं. तोच कारखाना, तीच केस, तेच मशीन. त्याला वर बाराचा आकडा, खालच्या भागात सेकंदाचा छोटा गोल आणि बाकी सगळीकडे रेघा होत्या. ते बघून बायकोने खालची रेघ काढली. काम इतकं सुबक झालं की मी भिंग लावूनही जुन्या-नव्याचा जोड शोधू शकलो नाही.

बाई घड्याळ न्यायला आली. ते हातात घेऊन निरखू लागली.

"हे बाबांचं नाही," ती हळूच म्हणाली.

"मशीन तेच आहे, ताई. नंबर बघा मागचा."

"तसं नाही. इथे खाली सहा होता. अर्धाच. सेकंदाच्या छोट्या गोलाने कापलेला. मी लहानपणी बाबांना विचारायचे, सहाचं पोट कुठे गेलं म्हणून."

मला पटेना. अर्धा आकडा कोण कशाला छापेल? मी तसं म्हणणार होतो, पण बायको मागून पुढे आली. "बापाच्या हातावर तिनं बगलाय. आपन कुटं बगला?" आणि बाईला कागद-पेन्सिल देत म्हणाली, "काडून दाव."

बाईने गोल काढला. वर इंग्रजी सहाचा शेंडा. मग खोडला, पुन्हा काढला, जरा डावीकडे झुकलेला. बायको विचारत होती, किती जाड, बाराच्या आकड्याएवढाच का. दोघी माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

बायकोने त्या चित्राप्रमाणे पुन्हा काढलेली डायल बाईने उजेडाला धरून बघितली. घड्याळ मनगटावर बांधलं. पट्टा ढिला होता, त्याला मी आणखी एक भोक पाडून दिलं. जाताना ती बायकोला म्हणाली, "सोमवारी ऑफिसला घालून जाते."

पुढे एकाच मॉडेलच्या कितीतरी तऱ्हा आम्ही बघितल्या. कुठे बाराला दुहेरी रेघ, कुठे नुसता ठिपका, आणि अर्धा सहासुद्धा. आता डायल हातात घेण्याआधी बायको गिऱ्हाइकालाच विचारायची, आधी कशी होती. लोक खुशीने सांगत बसत. बेलापूरच्या त्या बाईने ऑफिसातली चार माणसं पाठवली, त्यांनी आणखी पाठवली. फोर्टातला माझा जुना शेठही डायली आमच्याकडे धाडू लागला.

माझा हात काही सुधारला नाही. पण पुढच्या वर्षी दिवाळीला आम्ही दुकानात दुसरं टेबल आणलं, बायकोच्या उंचीचं, आणि उजेडासाठी ते दाराशी लावलं.