पायी मोजलेला घाट

ताशी शंभर मैल पळणाऱ्या गाड्यांवर लिहिण्यासाठी स्वतःचे पाय झिजवणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला.

चौक गावात मुंबई-पुणे रस्त्याला लागून त्याचं घर. मोटारींच्या शर्यतींवर तो मुंबईच्या एका साप्ताहिकात लिहायचा. बडे बडे शर्यतवाले गाडी थांबवून त्याच्या ओट्यावर चहाला बसत आणि पुढच्या रस्त्याची चौकशी करत, कारण शर्यतीआधी मामा सगळा मार्ग पायी चालून आलेला असे. "जिथं माजा पाय लागला नाय, तिथलं मी लिवणार नाय," हा त्याचा बाणा. बाणा त्याचा, छत्री, वही आणि फिरकीचा तांब्या मात्र माझ्याकडे. भातशेती करणाऱ्या घरातला पहिला बी.ए. मी. वडिलांनी मला शिकवलं ते भर उन्हात वळणं मोजायला नव्हे. हे एकदा मी तोंडावर बोललो, तर म्हणाला, "बी.ए. झालास म्हणून पाय झडलं का रं?"

माझ्या बहिणीच्या लग्नात भटजी ओरडून थकले, "मामा, मुलीला आणा!" मामा कुठाय? नेरळच्या रस्त्यावर पावलं टाकून वळण मोजतोय! ओढत आणला. बहिणीचा हात धरून बोहल्याकडे नेताना तिच्या कानात काय सांगावं? "वळण फसवं हाय गं. सासरी जाताना डायवरला हळू घ्यायला सांग."

पुढे त्याने मुंबई-पुणे रस्त्यावरच्या घाटाबद्दल पुस्तक लिहायला घेतलं. पान न् पान मी सुवाच्य उतरवून काढलं. एकच वळण राहिलं आणि मामाचा गुडघा गेला. प्रकाशकाचं पत्र आलं, महिनाअखेर पुस्तक मिळालं नाही तर छापणार नाही. वीस वर्षांची पायपीट पेटीत पडून राहणार! मी म्हटलं, "मामा, लिहून टाक ना अंदाजाने. कोणाला कळतंय?" त्याने पेनाला टोपण लावलं. "तू चालून ये."

मी ट्रकमध्ये बसून गेलो, बसून आलो आणि झोकात वर्णन सांगितलं. मामाने एकच प्रश्न केला.

"पानी कुठं प्यालास?"

"तहान नाही लागली."

"चैतात घाट चालला आन् तान नाय? टरकात बसून आलास तू!"

दुसऱ्या दिवशी खोपोलीहून दात-ओठ खात चालत निघालो. ट्रकमधून सपाट दिसलेला रस्ता त्या वळणावर पायांना दरीकडे कललेला लागला. घसा कोरडा घेऊनच मामासमोर उभा राहिलो. रस्ता कलल्याचं त्याने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि लिहिलं.

पुस्तक छापून आलं. त्या पानाखाली ओळ होती : 'हे वळण मी चाललेलो नाही, माझा भाचा चालला आहे. तो बी.ए. असूनही त्याच्या पायांवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.' त्या 'असूनही'वरून मी दोन दिवस भांडलो.

आता भांडायला मामा नाही. एस.टी. त्या वळणाला लागली की मी चपला काढून पाय खालच्या पत्र्यावर घट्ट टेकवतो. बसून काही कळत नाही. मग पुढच्या थांब्यावर उतरतो, आणि तहान लागेपर्यंत मागे चालत येतो.