चपला काढून पानवेलीत

आईचं माहेर बघायला आम्हाला रांगेत उभं राहावं लागलं. मामांनी शिरगावची वाडी बंगल्यासकट विकली, आणि नवे मालक ती जुनी बाग वर्षातून एक दिवस लोकांना बघायला उघडी ठेवतात. आईने बोईसरच्या फ्लॅटमध्ये एकच धोशा लावला होता, "गुडघे पार जायच्या आधी एकदा मला बाबांच्या पानवेलीत ने." आजोबांचा सगळा जन्म त्या पानवेलीत, विड्याच्या पानांच्या मळ्यातच गेला. (जेवायला बोलवायचं तरी तिथेच जाऊन बोलवावं लागे.)

माहिती सांगणारी मुलगी सगळ्यांना घेऊन उजवीकडे वळली. आई डावीकडे.

"आई, तिकडे नाही. आधी गुलाब दाखवणारेत."

"गुलाब काय मेले, कुठं पण दिसतात."

विहिरीमागे वळायच्या आधी तिने चपला काढल्या. पानवेलीत पायताण न्यायचं नाही, ही वाडीची रीत. मीही काढल्या. मागून आलेल्या चार माणसांनी त्या बघितल्या आणि मुकाट्याने आपल्याही काढल्या. त्यांच्या मागच्यांनीही. बघता बघता ढीग झाला. मुंबईच्या एका बाईंनी पदर सावरत मला हळूच विचारलं, "देवी कुठली हो?"

एवढ्या लोकांना परत चपला घालायला कोण सांगणार? मी म्हटलं, "जुनी आहे."

तेवढ्यात ती माहितीवाली मुलगी धावत आली. ढीग बघून गांगरली, आणि आपल्याला पाठ करायला दिलेल्या माहितीत हे राहून गेलं असं समजून तिनेही सँडल काढले.

विहिरीमागे पानवेल नव्हतीच. नुसती फरशी आणि दोन बाक. आई त्या तापलेल्या फरशीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आई, पाय भाजतील."

"बाबा हितंच असायचे रे. आता काय सुदीक नाय ठेवलं."

ती रडायला लागली. तिला बघून मुंबईच्या बाईंनाही रडू फुटलं. आईने त्यांचा हात धरला. "तुमी पण हितल्याच का? कुणाच्या तुमी?"

बाईंनी बाकाकडे बघून हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले. आई सोडली तर तिथे देवी नाही हे पक्कं ठाऊक असलेला मी एकटाच, आणि फरशीला डोकं टेकवलं तेही मी एकट्यानेच.