न सुटलेली मदतगाडी : गोविंदराव उत्रोलीकरांच्या साठीनिमित्त

गोविंदरावांची आणि माझी पहिली भेट घाटातल्या एका लहान स्टेशनावर झाली. ते तेथे स्टेशनमास्तर होते आणि मी त्यांच्या हाताखाली नुकताच रुजू झालो होतो. चहा पुढे करीत त्यांनी विचारले, "दरड कोसळून गाडी घसरली, तर तुम्ही काय कराल?"

"वर तार करीन."

"तारा तुटल्या असतील तर?"

मला उत्तर सुचले नाही. "कंपनीलाही सुचलेले नाही," ते शांतपणे म्हणाले.

अपघात झाल्यावर कोणी काय करायचे, हे आधी ठरलेले असावे, एवढेच त्यांचे मागणे होते. डॉक्टर कोठून आणायचा, जखमींना न्यायच्या डोल्या कोठे ठेवायच्या, हुकमावाचून मदतगाडी कोणी सोडायची. साहेब दौऱ्यावर आले की गोविंदराव हा विषय काढीत. "प्रसंग आला की हुकूम मिळेल," असे उत्तर येई. शेवटी त्यांनी आम्हा सर्वांना जखम बांधायला शिकवले. त्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते.

एका श्रावणात भर दुपारी दरड आली. पॅसेंजरचे दोन डबे कलंडले, तारा तुटल्या. गोविंदरावांनी खालच्या जंक्शनला माणूस पिटाळला. तेथे मदतगाडी वाफ धरून उभी होती. पण वरिष्ठांच्या हुकमाशिवाय ती सोडण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

आम्ही डब्यांची दारे उखडून त्यांवरून जखमी हलवले. त्यांत आमचा गँगवाला भिकू होता, वेल्ह्याकडच्या पासली गावचा. रूळ तपासताना तो दरडीत सापडला होता. गोविंदरावांनी त्याचे डोके मांडीवर घेतले.

"मास्तर, गाडी निगाली न्हवं?"

"निघाली आहे, भिकू."

"मग थांबतो म्या."

अखेर हुकूम मिळून गाडी आली तेव्हा दिवस मावळत होता. भिकू त्याआधीच गेला होता.

चौकशीत मदतगाडीचा विषय निघालाच नाही. दारे का मोडली, हे मात्र विचारले गेले, आणि गोविंदरावांची बढती अडली. त्यानंतर आम्ही दोघे पासलीला गेलो. भिकूची बायको खाचरात तण उपटून भात बेणत होती. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "आता दुसऱ्या कुनाचं असं व्हनार न्हाई न्हवं, मास्तर?"

मरणाऱ्याशी ते खोटे बोलले होते. तिच्याशी त्यांना खोटे बोलवेना. "सांगता येत नाही, बाई," ते म्हणाले आणि खाली बसले. तेव्हापासून दर आगोटीला, पाऊस लागण्याआधी, ते पासलीला जाऊन तिचे छप्पर स्वतः शाकारून देतात. याविषयी त्यांनी कधी कोणापाशी शब्द काढलेला नाही.

आता ते निवृत्त होऊन उत्रोलीस भातशेती पाहतात. घाटातले नियम जसेच्या तसे आहेत, आणि ते बदलतील अशी आशा मला उरलेली नाही. गोविंदरावांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, रात्री शांत झोप लागो. त्यांचे म्हणणे कंपनी त्यांच्या हयातीत ऐकेल, असे मात्र माझ्याने लिहवत नाही. निदान पुन्हा दरड कोसळल्याची बातमी त्यांच्या कानी न पडो.